मिशनच्या शाळेला मुख्याध्यापक हवाय. नेमकं काय बघायचं? (कोल्हापूर)

फळा_खडू | १२ एप्रिल, रात्री ९:४०

सगळ्यांना नमस्कार, मंडळीतल्यांना (म्हणजे चर्चमधल्यांना) जय ख्रिस्त.

३१ वर्षं मी मिशनच्या मराठी माध्यमाच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी मंडळीनं मला शाळा समितीवर घेतलं. आता ३१ मेला आमचे सर निवृत्त होतायत आणि नवा मुख्याध्यापक आम्हा सात जणांना ठरवायचाय. शाळेचं नाव सांगत नाही. कोल्हापूरकर ओळखतील, ओळखलं तरी इथं लिहू नका.

तीन नावं पुढं आहेत.

पहिले सर सगळ्यात ज्येष्ठ, २६ वर्षं नोकरी. ख्रिस्ती नाहीत. कागदपत्रांत एकदम पक्के, शिक्षणाधिकारी कार्यालयातला शिपाईसुद्धा त्यांना नावानं ओळखतो. पण स्वतःचा तास सोडला तर दुसऱ्या वर्गाच्या उंबऱ्यावर कधी दिसले नाहीत.

दुसरे मंडळीतल्या एका वडिलांचे पुतणे. (बाकीच्यांसाठी: आमच्यात ‘वडील’ म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे निवडलेले ज्येष्ठ.) प्रार्थना सुरेख करतात, पेटी सुरेख वाजवतात. त्यांच्या वर्गाचा आवाज मात्र रस्त्यापर्यंत येतो.

तिसऱ्या बाई ख्रिस्ती, नोकरी फक्त नऊ वर्षं. पाचवीतल्या वाचता न येणाऱ्या पोरांना शाळा सुटल्यावर थांबवून घेतात. चार माणसांत बोलायची वेळ आली की खाली बघतात.

परवाची बैठक दोन तास चालली. त्यातली चाळीस मिनिटं कंपाउंडच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा यावर गेली. मुलांच्या वाचनाचा विषय मी काढला, तर “ते शिक्षक बघतील” म्हणून पुढं गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः सातवीच्या वर्गात बसले होते. चौथीचं मराठीचं पुस्तक नेलं होतं. ३८ पोरांपैकी ११ जणांना एक परिच्छेद सलग वाचता आला नाही. सातवीत! आणि याच पोरांनी नाताळात प्रभूची प्रार्थना एका सुरात, एकही शब्द न चुकता म्हटली होती. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

तर प्रश्न असा: ख्रिस्ती शाळेचा मुख्याध्यापक निवडताना तुम्ही काय बघाल? तुमच्या शाळेत एखाद्या माणसामुळं शाळा सुधारली असेल, तर त्यानं नेमकं काय केलं? “शिस्त लावली” एवढंच लिहू नका. कशी लावली ते लिहा.

---

जुना_विद्यार्थी_९१ | १२ एप्रिल, रात्री १०:१५

बाई, आम्ही शियेचे. घरात माळकरी, आणि शाळा मिशनची. आमच्या आज्जीला कुणीतरी विचारलं, “पोरगं बाटलं तर?” आज्जी म्हणाली, “आधी त्याला बाराखडी येऊ दे, मग बाटंल.”

आमच्या मोठ्या बाई रोज गेटवर उभ्या असायच्या. आम्हाला वाटायचं, नखं बघतात. मोठं झाल्यावर कळलं, त्या तोंडं बघत होत्या. कोण उपाशी आलंय, कोण रडून आलंय. मला एकदा हाताला धरून शिपाईमामांच्या खोलीत नेलं आणि चपाती-चटणी खायला घातली. वडील दवाखान्यात होते, ते त्यांना कसं कळलं आजपर्यंत माहीत नाही. बाकी सिद्धांत मला कळत नाहीत.

---

काळा_कोट | १२ एप्रिल, रात्री ११:०२

ताई, आधी कायद्याचं सांगतो, कारण पुढं चार जण चार गोष्टी सांगतील.

राज्यघटनेच्या कलम ३०(१) नं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय. मुख्याध्यापक निवडणं हा त्या चालवण्याचाच भाग. १९९८ मध्ये एन. अम्माद विरुद्ध एमजे हायस्कूल या केरळच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तेच सांगितलं: पात्र माणसांतून कुणाला घ्यायचं हे संस्था ठरवेल, सेवाज्येष्ठता तिच्यावर बंधनकारक नाही.

आपल्याकडं तर हे कायद्यातच आहे. महाराष्ट्राचा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा सेवाशर्ती कायदा, कलम ३(२). अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या भरतीला तो कायदा लागू नाही. शिवाय संस्थेनं नावं कळवलेल्या आणखी तीन जणांपर्यंतही ती सूट आहे. इतर शाळांत ज्येष्ठता डावलली की प्रकरण न्यायाधिकरणात जातं. तुमचे हात तसे बांधलेले नाहीत. पात्रता मात्र लागते: पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव, त्यातली निदान दोन बी.एड.नंतरची. तुमच्या तिसऱ्या बाई त्यात बसतात.

आणि मुख्याध्यापक ख्रिस्तीच हवा, अशी अट कायद्यात कुठंही नाही. तो तुमचा निर्णय.

पण याची दुसरी बाजूही आहे. १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं की संस्था चालवण्याच्या हक्कात ती बिघडवण्याचा हक्क येत नाही. कलम ३० ची ढाल करून पुतण्या बसवणाऱ्या संस्था मी पाहिल्यात. त्यांची वकीलपत्रंही घेतलीत, खोटं कशाला सांगू.

---

फळा_खडू | १३ एप्रिल, सकाळी ७:२०

म्हणजे “कायद्यानं हात बांधलेत” ही आमच्या समितीची लाडकी सबब गेली. धन्यवाद.

---

घंटा_झाली | १३ एप्रिल, दुपारी १:३०

मी अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो, मिशनच्या नव्हे, दुसऱ्या संस्थेत. खुर्चीचं दुःख खुर्चीतल्यालाच कळतं, म्हणून लिहितो.

सकाळी साडेदहाला दारात उभं राहायचं ठरवलेलं असतं. तेवढ्यात फोन: यू-डायसमध्ये (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) चार मुलांचं आधार जुळत नाही. शालार्थमधून, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन यंत्रणेतून, पगारबिलं. पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं दोन किलो कमी. संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती) एक पद जाणार का राहणार, तिथं तर नुसता जीव टांगणीला. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, म्हणून पट टिकवायला गावोगाव फिरायचं. दुपारी चार वाजता आठवतं, आज एकाही वर्गात पाऊल टाकलं नाही. असे दिवस महिन्यात वीस.

त्यामुळं ताई, तुमच्या पहिल्या सरांना “कागदवाला” म्हणून मोडीत काढू नका. कागद नीट नसले तर पगार अडतात, आणि पगार अडला की कुठलं वाचन नि कुठलं काय.

आता सुधारणेचं. शाळासिद्धी, म्हणजे शाळेनं स्वतःचं मूल्यमापन करायची सरकारी यादी, आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी भरली. सात क्षेत्रं, ४६ मानकं, प्रत्येकाला एक ते तीन पातळी. कल्पना चांगली होती, शाळेनं स्वतःला आरशात बघायचं. आम्ही काय केलं? एका शनिवारी चहा-भजी मागवून चार तासांत सगळीकडं तीन नंबर टाकले. मीही टाकले.

त्यानंतर दोन वर्षांनी मी एकच गोष्ट वेगळी केली. आठवीचा एक विषय स्वतःकडं घेतला आणि शिक्षकांना सांगितलं, माझा तास बघायला या. मी तुमचा बघायला येणार, पण आधी तुम्ही माझा बघा. पहिल्या दिवशी एक बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या आणि नंतर म्हणाल्या, “सर, तुम्ही पूर्ण तास खिडकीकडच्या ओळीशीच बोलता.” खरं होतं. वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून स्टाफरूममधली भाषा बदलली. लॉगबुकात “अध्यापन समाधानकारक” लिहून सही ठोकण्याचं काम मग हळूहळू बंद झालं.

---

सातवी_ब | १३ एप्रिल, सायंकाळी ६:११

घंटा_झाली सर, तुमच्यासारखे एक मला मिळाले म्हणून मी अजून या पेशात आहे. शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात सर माझ्या वर्गात आले. मी घामाघूम. ते मागं न बसता एका पोराशेजारी खाली मांडी घालून बसले आणि त्याच्या वहीत काय उतरलंय ते बघत राहिले. माझ्याकडं बघितलंच नाही. नंतर म्हणाले, “तुम्ही सांगितलं ते चांगलं होतं. त्याला पोचलं ते एवढंच,” आणि वही दाखवली. दीड ओळ होती.

एम.एड.ला असताना न्यूझीलंडच्या व्हिवियन रॉबिन्सन यांचं काम अभ्यासलं होतं. २००८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २७ अभ्यास एकत्र करून तपासलं की मुख्याध्यापकाच्या कुठल्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध आहे. स्फूर्ती देणारं, स्वप्न दाखवणारं नेतृत्व एकीकडं आणि शिकवण्यात लक्ष घालणारं दुसरीकडं. दुसऱ्याचा परिणाम तीन ते चार पट निघाला. त्यातही सगळ्यात वर काय होतं? शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकानं स्वतः भाग घेणं. शिक्षकांना प्रशिक्षणाला धाडून आपण केबिनमध्ये बसणं नव्हे, त्यांच्याबरोबर बसणं.

फळा_खडू बाई, तुमच्या तिघांपैकी हे कोण करेल?

---

सडेतोड_पेठकर | १३ एप्रिल, रात्री ८:४५

मिशनच्या शाळा म्हणजे शेवटी काय ते सगळ्यांना माहीत आहे. वाचन-बिचन निमित्त. प्रार्थना कशाला पाहिजे शाळेत?

---

काळा_कोट | १३ एप्रिल, रात्री ९:१०

घटनेचं कलम २८(३) वाचा. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कुठल्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. कुणी बसवत असेल तर तक्रार करा, मी फी न घेता मसुदा करून देतो. नुसता संशय असेल तर धागा बाईंचा आहे, त्यांच्या प्रश्नावर बोला.

---

जुना_विद्यार्थी_९१ | १३ एप्रिल, रात्री ९:१८

पेठकर भावा, मी चौथी ते दहावी तिथं होतो. अजून दर एकादशीला उपास करतो आणि नाताळला बाईंच्या घरी करंज्या खायला जातो. दोन्हीकडं पोट भरतं. 😀

---

फळा_खडू | १३ एप्रिल, रात्री १०:०५

पेठकरदादा, तुमचा प्रश्न मी सोडून देत नाही, कारण तो पालकांच्या मनातही असतो आणि आमच्यापैकी काहींनी त्याचं उत्तर कधी नीट दिलेलं नाही. आमच्या शाळेत आज शंभरात पाचसहा पोरं ख्रिस्ती असतील. आमच्याच मंडळीतल्या घरांतली मुलं इंग्रजी माध्यमात जातात. आमच्याकडं येतात ती फौंड्रीतल्या कामगारांची, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, वीटभट्टीवरची. मग शाळा ‘ख्रिस्ती’ कशानं? माझ्या मते ती त्या ११ पोरांनी ठरते. ती वाचायला लागली तर आहे. नाहीतर भिंतीवर क्रूस कितीही मोठा लावा.

---

दसरा_चौक | १४ एप्रिल, सकाळी ११:२५

थोडं इतिहासात डोकावतो, अवांतर वाटलं तर सोडून द्या.

“मिशनच्या शाळा कशासाठी” हे भांडण कोल्हापुरात पावणेदोनशे वर्षं जुनं आहे, आणि ते आधी मिशनऱ्यांच्याच घरात झालं. रॉयल वाइल्डर नगरहून १८५२ मध्ये पत्नी एलिझा यांच्यासह कोल्हापुरात आले. ते ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते, त्याचे सचिव रूफस अँडरसन यांचं मत वेगळं होतं. शाळांवरचा खर्च कमी करा, देशी भाषेतून उपदेश करा, मंडळ्या उभ्या करा. १८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले आणि त्यानंतर बऱ्याच शाळांना कात्री लागली. वाइल्डरना हे मुळीच पटलं नाही. १८६१ मध्ये त्यांनी मिशन शाळांच्या बाजूनं अख्खं पुस्तक छापलं. बोर्डाशी संबंध तुटला, पण गडी हटला नाही. कोल्हापूरचं काम स्वतंत्रपणे चालवलं, आणि १८७० मध्ये प्रेसबिटेरियन मिशननं ते आपल्याकडं घेतलं. वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं.

नगरचंच दुसरं उदाहरण सिंथिया फरार बाईंचं. १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची काढली. शाळा चांगली चालली की ती बघून शेजारी दुसरी उभी राहते, तीही वेगळ्या विचाराच्या माणसाची. आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. या गावात शाळेला नाव ठेवायचं तर त्या मापानं ठेवावं लागतं.

---

अनिवासी_बावडेकर | १४ एप्रिल, दुपारी ४:५०

मूळचा कसबा बावड्याचा, आता बर्मिंगहॅमजवळ. इथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या एका प्राथमिक शाळेच्या कारभारी मंडळावर आहे. ख्रिस्ती नसूनही घेतलं, पालकांतून निवडून गेलो.

इथं सरकारी तपासणी वेगळी आणि चर्चची वेगळी. चर्चच्या तपासणीला सियाम्स म्हणतात. मला आधी वाटलं, येऊन प्रार्थना ऐकतील, बायबलचे प्रश्न विचारतील. तसं झालं नाही. पहिलाच प्रश्न असा असतो की तुमच्या शाळेची जी ख्रिस्ती दृष्टी आहे, तिच्यामुळं इथली मुलं आणि मोठी माणसं फुलतात का? आणि ते कागदावर न बघता पोरांना विचारतात. आमच्या वेळी तपासनीस बाईंनी एका अपंग मुलीला विचारलं, “सहलीला तू गेलीस का?” ती नाही म्हणाली. बस चढायला सोय नव्हती. आमच्या भिंतीवर तर ‘प्रत्येक लेकरू देवाचं’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्या एका उत्तरावर मुख्याध्यापिकेला आणि आम्हाला अर्धा तास घाम फुटला. पुढच्या सहलीला बस बदलली.

इथंही सगळं गोड नाही. चांगला मुख्याध्यापक मिळणं अवघड झालंय. कॅथलिक शाळांत मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षणाचा प्रमुख कॅथलिकच हवा असा त्यांचा नियम आहे, तिथं तर उमेदवारच कमी. आणि तपासणीच्या एकेका शब्दाची माणसांना एवढी दहशत होती की सरकारी तपासणीतला तो एकशब्दी शेरा सप्टेंबर २०२४ पासून बंद केला.

त्यामुळं परदेशातली पद्धत उचलून आणा असं म्हणत नाही. पण तो सहलीचा प्रश्न उचला. फुकट आहे.

---

पाळक_एक | १४ एप्रिल, रात्री ११:३०

मी पाळक आहे. कुठल्या मंडळीचा ते विचारू नका.

मंडळीच्या निवडणुकीत जो गट जिंकतो, तो शाळेच्या समितीवर आपली माणसं बसवतो. मग मुख्याध्यापक कुठल्या गटाचा यावर दोन वर्षं जातात. तेवढ्यात पुन्हा निवडणूक. कोर्टकचेऱ्या वेगळ्याच. मी स्वतः एका नेमणुकीच्या पत्रावर सही केली होती, माणूस योग्य नाही हे माहीत असूनही, कारण तसं केलं नसतं तर माझी बदली झाली असती. त्या शाळेत तीन वर्षांत दोन तुकड्या बंद झाल्या. मी त्या रस्त्यानं जाणं टाळतो.

ताई, पवित्र शास्त्रात मेंढपाळाचा दाखला आपण दर रविवारी वाचतो. नव्व्याण्णव ठेवून एकाला शोधायला जातो तो. आमच्या समितीत मात्र त्या एकाचं नाव कुणाला माहीत नसतं.

---

सडेतोड_पेठकर | १५ एप्रिल, सकाळी ८:०२

पाळकसाहेब, खरं लिहिलंत. आमच्या संस्थेतही हेच. गट बदलतात, मुख्याध्यापक बदलतो. माझा आधीचा प्रतिसाद जरा तोडून टाकल्यासारखा होता.

---

घंटा_झाली | १५ एप्रिल, सकाळी १०:४०

टीईटीबद्दल, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दल, कुणी बोललं नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं राज्यभर शिक्षक हवालदिल झाले. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त असणाऱ्यांना टीईटी पास व्हावीच लागणार. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठाकडं सोपवलाय, कारण २०१४ च्या प्रमती निकालानं या शाळांना शिक्षणहक्क कायद्यातूनच वगळलं होतं आणि त्याचाच फेरविचार व्हावा असं या खंडपीठाचं म्हणणं पडलं. तोवर तुमची शाळा अधांतरी. नवा माणूस घेताना हे त्याला समजावून सांगता येईल असा घ्या, नाहीतर स्टाफरूममध्ये अफवाच शिकवतील.

---

काळा_कोट | १५ एप्रिल, सकाळी ११:१५

+१. आणि शाळा व्यवस्थापन समितीत पालक आणा. शिक्षणहक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं अल्पसंख्याक शाळांत ती समिती फक्त सल्लागार ठेवली होती, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण सल्ला विचारायला बंदी नाही.

---

फळा_खडू | ३ मे, रात्री ९:२५

बरेच दिवस आले नाही. झालं ते सांगते.

तुमचे प्रतिसाद मी छापून समितीत नेले, नावं काढून. पाळकसाहेबांचा वाचला तेव्हा कुणी कुणाकडं बघेना. मग मी म्हटलं, मुलाखत कार्यालयात नको. तिन्ही उमेदवारांनी पाचवीतल्या वाचता न येणाऱ्या एका मुलाबरोबर वीस मिनिटं बसायचं, आणि नंतर एका सहकाऱ्याचा तास बघून त्याच्याशी बोलायचं. आम्ही दाराबाहेर बसणार. सुट्टीचे दिवस होते, पण जवळपासची पोरं बोलावून आणली. बिस्किटांचे पुडे ठेवले, खोटं कशाला बोलू.

माझं मन तिसऱ्या बाईंवर होतं, हे तुम्हाला कळलंच असेल. त्या छान वाचून घेत होत्या. अक्षरावर बोट, हळू आवाज. पण सहकाऱ्याशी बोलायची वेळ आली तेव्हा “छान झाला तास” एवढंच म्हणाल्या. तास छान झाला नव्हता.

दुसऱ्या सरांनी पोराला गाणं शिकवलं. पोरगं खूश. वाचन राहिलं.

पहिले सर, कागदवाले, मुलासमोर सतरंजीवर बसले. पुस्तक उघडलंच नाही. त्याच्याशी गप्पा मारायला लागले. पोरगं एकेक शब्द तुटक बोलत होतं. पाचेक मिनिटांनी सर एकदम कन्नडमध्ये बोलले, आणि ते पोरगं असं काही सुटलं की थांबेना. घर चिकोडीकडचं, बाप शिरोलीच्या फौंड्रीत, घरात मराठी कुणी बोलत नाही. दोन वर्षं हा मुलगा आमच्या शाळेत ‘मठ्ठ’ म्हणून बसलाय. हजेरीपटावर मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलंय. सरांनी बाहेर येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे पट मागवला आणि म्हणाले, “अजून सात जणांचं हेच असणार. गाव बघा.” रकाने बघणाऱ्याच माणसाला ते दिसलं. मी ३१ वर्षं शिकवलं, मला दिसलं नव्हतं.

मग मी त्यांना विचारलं, सर, २६ वर्षांत दुसऱ्याच्या वर्गात का गेला नाहीत? म्हणाले, “मला कुणी जा म्हटलं नाही. आणि मी तुमच्यातला नाही, उगीच नाक खुपसतोय असं वाटलं असतं.”

---

सातवी_ब | ३ मे, रात्री ९:५०

बाई, आता काय?

---

फळा_खडू | १० मे, सायंकाळी ७:०५

काल मतदान झालं. पाच विरुद्ध दोन, पहिले सर. त्यांची पाच वर्षं उरलीत. दोघांचं म्हणणं होतं की मिशनच्या शाळेत प्रार्थनेला पुढं उभा राहणारा माणूस आपला हवा. मला तो मुद्दा वेडगळ वाटत नाही. आमच्या पोरांना आपल्यातला माणूस त्या खुर्चीत दिसायला हवा, हे मलाही वाटतं. म्हणून प्रार्थना तिसऱ्या बाई घेतील आणि दर गुरुवारी शेवटचा तास सरांबरोबर कुठल्यातरी वर्गात बसतील, असा ठराव केलाय. पाच वर्षांत त्यांना चार माणसांत बोलायला आलं तर पुढचं पुढं.

मंडळीतल्या त्या वडिलांच्या बाजूनं वरच्या संस्थेकडं अर्ज गेलाय, ‘मंडळीच्या भावना दुखावल्या’ म्हणून. मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडं जायच्या आधीच अडतोय की काय, ते सोमवारी कळेल. काळा_कोट दादा, तुम्हाला निरोप धाडलाय, बघा.

भिंतीचा रंग अजून ठरलेला नाही.

---

काळा_कोट | १० मे, सायंकाळी ७:४०

बघितला. ठरावाची प्रत आणि बैठकीच्या नोटिशीवरच्या सातही सह्या घेऊन या. नोटीस किती दिवस आधी दिली होती?

---

फळा_खडू | १० मे, सायंकाळी ७:५२

आठ दिवस आधी. सह्या सहा आहेत. सातवे गावाला होते, त्यांना फोनवर सांगितलं होतं.

---

काळा_कोट | १० मे, सायंकाळी ७:५५

तिथंच धरतील. त्यांच्याकडून आजच्या आज दोन ओळी लिहून घ्या.

---

जुना_विद्यार्थी_९१ | १० मे, रात्री ८:३०

बाई, माझा चुलतभाऊ निपाणीला शाळेत आहे. कन्नड-मराठी दोन्ही असलेली पहिली-दुसरीची पुस्तकं मिळतील म्हणतोय. आठ पोरांना आठ पुरतील का जास्त आणू?

---

फळा_खडू | १० मे, रात्री ८:४१

बारा आण. सर म्हणतायत, नववीतही चार जण आहेत.